वांग्यावरची खिडकी

मे महिना. पाचपावलीच्या पुलाजवळ
शटर अर्धं ओढून निखारे काका म्हणाले,
"पयले कूलर बंद कर.
हवेनं छत्री हालते, अन् छत्री हालली
का गालावरची सावली हालते."
बाहेर सेहेचाळीस. आत दोन दिवे,
एक पांढरी छत्री, एक कापडी तोंडाचा काळा डबा,
स्टँडच्या पायावर पाच किलो तांदळाची पिशवी
(पडला तर पंधरा हजार गेले, आणि तांदूळही).

मी चौतीस वर्षांची. अकरा वर्षं
पतसंस्थेत लोकांच्या थकबाक्या मोजल्या,
आता दिव्यापासून नाकापर्यंतचं अंतर मोजते
आईच्या शिलाईच्या टेपनं.
दुप्पट लांब नेलं की उजेड अर्धा उरेल
असं वाटलं होतं.
चौथाई उरला.
असली घट मी कुठल्याच खात्यात पाहिली नव्हती.

पहिले पंधरा दिवस माणूस नाही.
स्टुलावर एक भरताचं वांगं.
"काका, याला नाक नाही."
"देठ हाय नं. देठाची सावली पाय."
देठाची सावली कधी मिशीसारखी लांब,
कधी डाव्या अंगाला घरंगळलेली,
कधी नाहीच, आणि मग वांगं नुसता जांभळा कागद.
मी सगळा उजेड समोरूनच ओतायचे,
पोह्यावर तर्री ओतावी तसा.
म्हटलं, काही लपायला नको.
काहीच दिसेना.

पण त्या काळ्या पाठीवर
कुठं ना कुठं असायचीच
डब्याची वाकडी, पांढरी, इवली खिडकी.
काका तिच्यावर नख टेकवायचे:
"हे खोटं नाही बोलत. दिवा कुठी हाय
ते बरोब्बर सांगते."
संध्याकाळी वांगं घरी, गॅसवर.
आई म्हणायची, फी कितीची आणि भाजी कितीची?

मग एका गुरुवारी त्या दोघी आल्या.
सुकेशिनी गजघाटे, मेडिकलमधली रात्रपाळी करून थेट,
पायात अजून वॉर्डातली चप्पल,
आणि तिची आई, हातात गुलाबी साडीची पिशवी.
"बायोडाट्याले पाह्यजे. जरा उजळ काढजा, भाऊ."
काकांनी सवयीनं दोन्ही दिवे वर चढवले.
तीस वर्षांत त्यांनी अर्धं नागपूर गोरं केलंय.
पडद्यावर चेहरा उमटला, राखेसारखा,
मागच्या भिंतीत कुठं संपतो ते कळेना.
ती काही बोलली नाही.
खाली वाकून चप्पल शोधू लागली.

"काका," माझ्या तोंडून निघून गेलं, "वांगं."
निघाल्यावर जीभ चावली.
तिनं वर पाहिलं. मी तिला काय सांगणार होते?
काका मात्र स्टुलावरून उठले
आणि कॅमेरा माझ्या हातात दिला.

एक दिवा बंद केला. दुसऱ्याची ताकद उतरवली.
डबा ओढला तिच्या उजव्या बाजूला, इतका जवळ
की कापडाची ऊब तिच्या कानाला लागावी.
डावीकडे थर्माकोल, टीव्हीच्या खोक्यातला.
"दिव्याकडे नको पाहूस. पाळी संपल्यावर
बस येतेय का पाहतेस ना, तसं पाहा."
ती हसली नाही. पण खांदे उतरले.

आणि गालाच्या हाडावर ती खिडकी आली:
पांढरी नाही, तांबूस, कडा विरलेली;
कपाळावर एक फिकट,
दोन्ही डोळ्यांत एकेक, लख्ख चौकोनी.
बाकी सगळा तिचा रंग,
जिथल्या तिथं, खोल.

आई पुष्कळ वेळ पाहत राहिली.
"काळीच दिसून राह्यली," म्हणाली.
मग, जरा थांबून,
"पण झोप झाल्यावानी दिसते."

बायोडाट्याची प्रत काकांनी उजळ करूनच दिली.
मी भांडले नाही; गिऱ्हाईक त्यांचं.
दुसरी तिनं वेगळे पैसे देऊन घेतली,
ओळखपत्राच्या पाकिटात मागून सरकवली.

शटर वर गेलं. कूलर खडखडला.
छत्री हलली, भिंतीवरची सावलीही.
काका पिशवीत हात घालून तांदूळ निरखत होते.
"सोंडे झाले बापा," म्हणाले,
"उद्या रेती आणजो. कन्हानची. जाड."