चाळीस मिनिटं

गावाचं नाव लिहायचं नाही, असं ठरलं आमचं.
ओदिलिया सेल्तीचं लिहिलं तर चालेल.
ती म्हणाली, माझ्याकडून आता कोण काय काढून घेणार?
मुलाचं मात्र नको. तो कंपनीत टँकर चालवतो.

मी आंतोफागास्ताहून आलेली, व्यापार-पानाची बातमीदार.
लिथियमचा टनाचा भाव मला झोपेतही सांगता येतो.
पाटाला दार असतं, हे मात्र तिथं कळलं,
आणि वाळवंटात ते रात्री दोनला धरायचं असतं.

मंगळवार. दोन ते दोन चाळीस.
ही तिची पाळी; आधी तिच्या सासूची,
त्याआधी सासूच्या सासूची.
पाटकऱ्याच्या वहीत तिच्या नावापुढे
जमीन नाही, मिनिटं लिहिलीत.

थंडी अशी, की फावड्याचा दांडा हाताला चावत होता.
तिनं दगड सरकवला, गवताचं ढेकूळ उपटलं,
पाणी आलं. आलं म्हणजे
परक्याच्या घरात शिरावं तसं, कडेकडेनं.
लसूणघासाचा पहिला वाफा प्याला. दुसरा प्याला.
तिसऱ्याच्या तोंडाशी ते थबकलं,
आपण कशाला निघालो होतो ते विसरल्यासारखं.
चौथ्यात आता मीठ फुलतं.
पाचव्याबद्दल मी विचारलं नाही.

दाराच्या फटीतून जे होतं तेही निसटत होतं.
तिनं डोक्यावरची लोकरी टोपी काढली, फटीत कोंबली,
आणि बोडक्या डोक्यानं उभी राहिली चांदण्यात.
"लिहून घे," म्हणाली, "मिनिटं चाळीसच आहेत.
एकही कुणी चोरलेलं नाही.
मिनिटांतलं पाणी तेवढं पातळ झालंय."

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कचेरीत कॉफी फार चांगली होती.
जलतज्ज्ञ रेनातो उर्सुआ, माझ्याच वयाचा, सभ्य माणूस.
त्यानं नकाशा पसरला:
खालचं खारं पाणी लाल, वरचं गोडं निळं,
मध्ये जाड काळी रेघ.
आम्ही फक्त लाल उपसतो, तो म्हणाला, आणि उन्हात वाळवतो.
तो खोटं बोलत नव्हता.
त्याची त्या रेघेवर श्रद्धा होती.
ओदिलियाला हे सांगितलं, तर तिनं विचारलं,
जमिनीखाली खडू घेऊन कोण उतरलं होतं?

शाळेला नवं छप्पर आहे, कंपनीचं.
दर गुरुवारी डॉक्टर येतो, कंपनीचा.
हेही लिहायला हवं. मी लिहिलं.
आणि हेही, की गावसभेत हात वर झाले तेव्हा
एकाच घरातले दोन हात दोन बाजूंना होते,
आणि त्या रात्री त्या घरात
दोन चुली पेटल्या.

अकराशे शब्द पाठवले.
संपादकाचा फोन: छान आहे गं, पण ही बाई जरा लांबते.
भाव राहिला. निर्यात राहिली.
रेनातोचं एक वाक्य राहिलं, अवतरणचिन्हांत.
रोहित पक्ष्यांचा फोटो राहिला, गुलाबी रंग पानावर उठून दिसतो म्हणून.
आणि सगळ्यात खाली,
'काही स्थानिकांनी चिंता व्यक्त केली.'
काही स्थानिक.
टोपी त्यात कुठं बसणार?

अंक मी टपालानं पाठवला, लाजत.
तीन आठवड्यांनी तिचा निरोप आला,
फोनवर बोलून ठेवलेला, मागे वारा:

"पोरी, तुझा कागद मिळाला.
व्यापाराचं पान चांगलं जाड असतं.
चार घड्या घालून दाराच्या फटीत बसवलं.
मंगळवारी तिसरा वाफा अर्धा भिजला.
शाई सुटली थोडी,
खालच्या पाटात काळं पाणी गेलं, शेजारीण ओरडली.
टोपी आता डोक्यावर आहे."