दम धरा

नागपूरला शिकवलेलं वाक्य असं :
दीर्घ श्वास घ्या, रोखून ठेवा, हलू नका.
सिंदेवाहीत पहिल्याच सकाळी ते वाक्य
एका म्हातारीपुढं उभं राहिलं आणि तसंच परत आलं.
ती माझ्याकडं बघत श्वास घेतच राहिली.
पडद्यावर तिच्या फासळ्या
वाळत घातलेल्या लुगड्यासारख्या हलल्या.

टेकाम भाऊ काचेमागून बाहेर आले.
बावीस वर्षं याच खोलीत, एक डिप्लोमा,
शिशाच्या एप्रनला त्यांच्या पोटाचा आकार आलेला.
"आजे, दम भर. अजून भर. हां... आता धर."
आणि बटण.

माझा प्रबंध कमीत कमी किरणांवर आहे.
मला वाटायचं, ते आकडे मशीनवर फिरवायचे असतात.

लॉगबुकात छातीला रकाना, पोटाला रकाना.
सिकलसेलच्या पोरांना वेगळा नाही,
येतात मात्र तीच, कमरेवर हात दाबून.
पुस्तकात त्यांच्या मणक्यांना माशाच्या तोंडाची उपमा आहे.
बोडीवरून आलेल्या ढिवराच्या पोरीला
मी ते चित्र दाखवलं नाही.

दुपारी दोननंतर व्होल्टेज पडतं.
"मशीनलेबी दम लागते," टेकाम भाऊ म्हणतात,
आणि शेंगदाणे काढतात.

जानेवारीत एका सकाळी देविदास गुरनुले
थेट नाटकाच्या मंडपातून आले.
रात्रभर राजा होते. मिशी उतरवली होती,
काजळ डोळ्यांतच.
"खोकला आठ-पंधरा दिवसाचा."
"तीन महिन्याचा," बायको दारातून.

हनुवटी वर. दोन्ही हात कमरेवर.
खांदे पुढं, छाती पाटीला चिकटवून.
"राजावानीच उभं राहाचं म्हना ना!"
मी म्हटलं, दम भरा,
आणि त्यांनी असा भरला
की मागच्या रांगेपर्यंत पोचायचं असावं.

फिल्म मोजली, शिकवल्याप्रमाणं.
दहा फासळ्या. हासळीची हाडं दोन्हीकडं सारखी.
डाव्या खांद्यावर दोन सेफ्टी पिना,
बंडी काढायला सांगायची मी विसरले होते.
चेहऱ्यावरचा रंग किरणांना दिसत नाही. पिना दिसतात.
आणि उजवीकडं, वर, हासळीखाली
कुणी चुन्याचं बोट पुसलं असावं तसं.

"काय दिसून राह्यलं, बाई?"

पाहणं माझं काम, सांगणं चंद्रपूरचं.
रिपोर्ट संध्याकाळी येतो, डॉक्टरांच्या फोनवर.
परीक्षेत हे मला पाच मार्कांना आलं होतं,
पाचपैकी पाच मिळाले होते.
मी म्हटलं, डॉक्टर सांगतील.
माझा आवाज मलाच
खिडकीतल्या कारकुनासारखा वाटला.

डॉक्टरांनी थुंकीची डबी दिली,
आजची रात्र जाऊ द्या म्हणाले.
गुरनुले म्हणाले, सुपारी घेतली आहे.
टेकाम भाऊंनी काही न बोलता मास्क पुढं केला.
त्यांनी तो कानांना अडकवला,
आरशासारखं यंत्राच्या काचेत पाहिलं.
"राजाचंच तोंड झाकता."

रात्री आम्ही नवरगावला गेलो, टेकाम भाऊंच्या गाडीवर.
थंडी, तंबूची पोती, मागच्या खुर्च्या.
रिपोर्ट आला होता. आम्हाला कुणी सांगितला नव्हता,
आम्हीही विचारला नव्हता.
तिसऱ्या अंकात राजा रंगमंचावर आला,
तोंड उघडं,
हात कमरेवर,
आणि गाण्याची शेवटची ओळ त्यानं उचलून धरली.
मी मोजू लागले. फासळ्या मोजते तशी, वरून खाली.
सात.
आठ.
लोकांनी शिट्ट्या सुरू केल्या,
मला नऊ ऐकू आलं नाही.

टेकाम भाऊंनी शेंगदाण्याची पुडी माझ्याकडं सरकवली.
"सकाळचा फोटो चांगला निघाला तुह्या," म्हणाले,
"पिना सोडून."