चाळीस पावलं

बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसायचं.
कोरडं निघालं तर पाणी,
माती चिकटून आली तर गप्प बसायचं.
आइलाचा नियम एवढाच.
आणि पाणी रात्रभर बादलीत ठेवलेलं,
नळाचा गारठा उतरलेलं.

केमी गाव, फेब्रुवारी, उणे तेवीस.
गुडघ्यांपायी तिचं बिऱ्हाड हललं
अ जिन्याच्या तिसऱ्या मजल्यावरून
क जिन्याच्या तळाला.
कपाटं गेली, पलंग गेला,
शिवणयंत्र उर्पोनं एकट्यानं खांद्यावर नेलं.
उरली ती वेल.

कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत,
तिथून फ्रिजवर, दारावरून,
बैठकीला वळसा घालून
पुस्तकांमागे दिसेनाशी होऊन
न्हाणीघराच्या चौकटीशी परत उगवलेली.
अकरा मीटर. शिवणटेपनं मोजलेली.
इकडे तिला सोनवेल म्हणतात.
"सोनं कुठाय?" उर्पोनं विचारलं.
अंधाऱ्या महिन्यांत पिवळे शिंतोडे विरून
पानं नुसती हिरवी उरली होती.

मी म्हटलं, कापू या.
बोटाला पेरं, तशी हिलाही पेरं,
प्रत्येकाखाली छाटलं की
जॅमच्या बरणीतसुद्धा मुळं फुटतात.
आइलानं ऐकलं.
मग एकेका खिळ्याला हात लावत गेली.
हा औषधांचं दुकान सोडलं त्या आठवड्यातला.
हा मार्यानं ठोकलेला, वाकडा.
हा कुणी ठोकला, आठवत नाही.
सत्तावीस खिळे.
कापायचं मी पुन्हा काढलं नाही.

मासेमारीच्या दोऱ्याच्या गाठी
नखांनी सोडवल्या तिघांनी.
भिंतीला धरलेली मुळं निघाली
ती रंगाचा पापुद्रा घेऊनच.
मग वेटोळं, त्यावर पलंगपोस,
त्यावर तीन दिवसांची वर्तमानपत्रं,
उर्पोचा कोट,
पोटाशी गरम पाण्याची पिशवी.
अंगणात घसरगाडीवरच्या पोरानं विचारलं,
कोण आजारी आहे?

आइला मोठ्यानं पावलं मोजत होती.
एकतिसाव्याला थांबली. गुडघा.
आम्हीही थांबलो,
तशी खेकसली:
"माझ्याकडे काय बघता? तिला थंडी बाधेल!"
उरलेली नऊ आम्ही न मोजता धावलो.

सात पानं काळी पडली.
ती तिनं खुडली, बाकीची
ओल्या मोज्यानं पुसली, पाठीपोटी.
आठवडाभर वेल कोपऱ्यात पडून होती,
कुणीतरी घाईत काढून ठेवलेल्या
स्वेटरसारखी.

मार्चमध्ये फोन आला: हातोडी घेऊन ये.
गेले तर शेंड्याला एक पुंगळी,
अर्धी सुटलेली, ओलसर,
आणि तिच्यात पिवळ्याचा एक ओरखडा.
"इथून दारापर्यंत," आइला हातानं दाखवत होती,
"मग वळून छतालगत,
मग बघू."
छत लांब होतं.
मी हिशेब केला, पानांचा, वर्षांचा,
तिच्या वयाचा.

खिळा ठोकला. वाकडाच गेला.
सवयीनं कुंडीत बोट घातलं:
माती चिकटून आली.
गप्प बसले.