दोन नंबरचं बटण

नौफ मॅडम पहिल्यांदा पुढे बसल्या
तेव्हा त्यांचा पाय ब्रेकपर्यंत पोचेना.
सीट माझ्या मापाची होती,
अकरा वर्षं माझ्याच मापाची:
पाठ मागे कललेली, बूड खोल,
आणि उजवीकडे एक जास्तीचा खळगा,
जिथे मी पाकिटावर बसायचो.
इकामा, लायसन्स, मुलीचा फोटो, पन्नास रियाल.
त्या पाकिटानेच तुझं कंबरडं वाकडं केलं,
अल खोबरचा मल्याळी डॉक्टर म्हणाला होता,
मागच्या खिशातून काढ, सारंग, मग बस.
मी काढलं नाही.
परमुलखात कागद अंगाला लागलेले बरे.

शुक्रवारची सकाळ. त्यांच्या शाळेचं पार्किंग.
मोकळं डांबर, पत्र्याच्या सावलीत एक मांजर,
मागच्या सीटवर त्यांचा धाकटा बद्र,
मोबाइलमध्ये मान घालून.
मी म्हटलं, आधी गाडी नाही, मॅडम. आधी बसणं.

माझी अरबी ड्रायव्हरची:
उजवीकडे, डावीकडे, किती वेळ, अल्ला बरं करो.
बसणं आणि राहणं याला तिच्यात एकच शब्द.
म्हणून हातांनीच सांगितलं.
टाच जमिनीवर.
ब्रेक पुरता दाबला तरी गुडघ्यात वाक उरू दे.
खांदे न उचलता
मनगट टेकतंय का स्टिअरिंगच्या माथ्यावर?
दाभोळच्या खाडीत मचवा हाकणारे माझे आजोबा म्हणायचे,
सुकाणूला मिठी मारतो तो भ्यालेला.
हे काही मला अरबीत सांगता आलं नाही.
अबाया पेडलमध्ये अडकेल, म्हटलं.
त्यांनी सेफ्टी पिन काढली
आणि घेर वर टाचला,
भूगोलाच्या बाई, नकाशा टांगावा तसा.

मग आरसा.
इथे मी अडखळलो.
तो मी मुद्दाम वर उचललेला असायचा,
मागची काच दिसावी, मागची बाई नाही.
खड्ड्यात गाडी आदळली की दिसायचं तेवढं कपाळ.
तेवढ्यावरून कळायचं मला
आज पेपर तपासायचेत,
आज ताप आहे,
आज भाऊ गेला.

‘यात काय दिसायला हवं?’
सगळं, मी म्हटलं. सगळी काच.

गाडी सुटली.
बाजूच्या सीटवरून मी उजवा पाय दाबला
नुसत्या पायपोसावर.
गाडी थांबली. त्यांच्या पायाने.
पट्टा मला छातीत बसला, मांजर पळालं,
बद्रने मान वर केली, परत घातली.

दारावर तीन बटणं.
एक, दोन, आणि ध्यानात ठेव म्हणणारं.
एक नंबरवर मी होतो.
त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दाबलं.
सीटखालची मोटर गुरगुरली, थांबली.
‘तुझं दोनवर ठेवते, दिलावर.’
आमच्या गावात दोन नंबर म्हणजे
पोलिसांपासून लपवायचा धंदा.
सांगणार होतो. हसल्या असत्या.

नोव्हेंबरात त्यांनीच मला दम्मामच्या विमानतळावर सोडलं.
बॅग डिकीत टाकली
आणि कुठे बसायचं ते कळेना.
शेवटी मागे बसलो, उजवीकडे, त्यांच्या जागी.
इथून पुढच्याची मान दिसते फक्त
आणि हेडरेस्टची उसवलेली शिवण.
वीतभर उसवलीय.
ती त्यांनी अकरा वर्षं बघितली,
एकदाही बोलल्या नाहीत.

पाकीट खिशातून काढून मी मांडीवर घेतलं.
कंबर सरळ झाली, आणि दुखली.
दम्मामच्या पाटीशी गाडी जरा आदळली,
आरशाच्या कोपऱ्यात कपाळ आलं. माझं.
त्यांनी एकदा बघितलं
आणि रेडिओ लहान केला.