अंतर किती

आल्विना क्विरिंगनं आधी किंमत नाही सांगितली.
विचारलं, "अंतर किती?"
म्हटलं, कुरणाच्या फाटकापासून
ह्रेच्काचा पाय जिथे बिळात गेला, तिथपर्यंत.
"ते मला काय कळणार? यार्डांत सांग."
मी पावलांनी मोजलं होतं. एकशे ऐंशी.
"तुझी पावलं की बापाची?"

मग तिनं काउंटरवर दोन ठेवल्या, शेजारी शेजारी.
एक बावीस, हलकी,
काडतुसं शेंगदाण्याच्या भावात,
आवाज फळी आपटल्याएवढा.
शंभर यार्डांपर्यंत गुणाची, पुढे हट्टी.
आडव्या वाऱ्यात पाच बोटं सरकते,
आणि गोटा लागला की उडी मारून जाते
कुठे, ते तिलाही ठाऊक नसतं.
"मागे कुणाच्या गायी?"
लेस्कीव्हांच्या.
तिनं बावीस परत भिंतीला लावली.

दुसरी टू-ट्वेंटी-थ्री, जाड नळीची.
ही खांद्याला मारून हिंडायची नाही,
हिच्यामागे पालथं पडून राहायचं.
हिची हलकी गोळी मातीला लागली
की तिचीही मातीच होते.

बाबा पिकअपमध्येच बसून होते.
सव्वीस वर्षं कुरण त्यांच्या नेमानं चाललं.
आता कपातला चहाही त्यांच्या हातात स्थिर राहत नाही.
ह्रेच्काच्या वेळी त्यांनी मला घरात पाठवलं होतं.
मी आवाज मोजले. दोन.
कपाळापासून नळीपर्यंत हातभर अंतर असेल,
हातभर.
त्यानंतर त्यांनी जुनी बंदूक गोणपाटात गुंडाळली
आणि चावी मला दिली, न बोलता.

एप्रिलभर मी कागदावर मारलं.
कुंपणाच्या तारेला नारिंगी लोकरीचा धागा बांधला;
धागा सांगेल तसा वारा वाचायचा.
तापलेल्या जमिनीवरची वाफ दुर्बिणीत वाहते,
नदीसारखी, डावीकडून उजवीकडे,
ती थांबली की श्वास अर्धा सोडून थांबायचं.
पाच गोळ्यांनंतर नळी निवू द्यायची.
वाऱ्याचा नेम नसतो, बाबा म्हणत,
आणि मला वाटायचं ते हवामानाबद्दल बोलतायत.

मे महिन्यात गोफर उभे राहिले,
बिळाच्या तोंडाशी, ठोकलेल्या खुंट्यांसारखे,
शिट्टी घालत.
पहिल्या दिवशी अकरा.
मी सगळे बादलीत गोळा केले, दूर पुरले;
ससाण्यांनी खाल्ले तर शिसंही त्यांच्या पोटात जातं.
त्या रात्री जेवण गेलं नाही असं सांगायला हवं.
पण गेलं. बटाटे होते, सोबत बडीशेप.

तिसऱ्या दिवशी, तेच बीळ.
ह्रेच्काचं.
मातीच्या ढिगावर तपकिरी डोकं, मापाचं,
वाफ थांबलेली, धागा लोंबलेला,
माझं बोट घोड्यावर.
या कुरणात मला तेवढाच घोडा उरला होता.
डोक्यानं मान फिरवली.
फिरवतच राहिली, मागेपर्यंत,
आणि दोन पिवळे डोळे
दुर्बिणीतून उलटे माझ्याकडे.
पिंगळ्याच्या जातीतलं काहीतरी, लांब पायांचं,
गोफरच्या सोडलेल्या बिळात संसार मांडून बसलेलं.

मी बोट काढलं. बोल्ट उघडला.
काडतूस गवतात पडलं, चकचकीत, न वापरलेलं.

"का नाही मारलंस?" मागून बाबा.
पिकअपचं दार उघडं होतं.
मी नुसती बाजूला सरकले.
त्यांनी गुडघे टेकले, डोळा लावला,
थरथर दुर्बिणीत कितीपट दिसत असेल,
तरी बराच वेळ पाहत राहिले.

मग उठले. तारेवरचा धागा सोडवून घेतला,
एक खुंटी घेतली, आणि काठी टेकत निघाले कुरणात,
मोठ्यानं मोजत.
शंभरनंतर आवाज वाऱ्यात गेला.
पक्षी उडायच्या बऱ्याच अलीकडे ते थांबले,
खुंटी रोवली, धागा बांधायला घेतला.
गाठ काही बसेना.
मी इथूनच पाहिलं, गेले नाही मदतीला.

परत आल्यावर म्हणाले,
"एकशे एकेचाळीस. माझी पावलं.
त्याच्या पुढे नाही."