जुने फाउल पुढे चालू

नियम चार ओळींचे आहेत. मीच टाइप केलेत,
प्लास्टिकमध्ये घालून टेबलाला सुतळीनं बांधलेत,
कारण मागच्या मोसमात त्यांच्यावर कोणी तरी सामोसे ठेवले.

बरोबरी झाली तर तीन मिनिटं.
पुन्हा झाली तर दोन, घड्याळ न थांबवता.
तरीही अडलं, तर जो आधी टाकेल तो जिंकला.
जुने फाउल पुढे चालू.

ही शेवटची ओळ हेडाऊला मान्य नाही.
दर शनिवारी चार फाउल घेऊन
तो माझ्या टेबलावर वाकतो, घाम कागदावर टपकतो:
"नवीन टाइम, तं नवीन हिशोब पाह्यजे ना बे."
मी सांगतो, नवीन काही नाही यात.
जुनंच आहे, संपलं नाही इतकंच.

आज मे महिन्याचा दुसरा शनिवार, त्रिमूर्तीनगर,
नऊ सत्तेचाळीस. सिमेंट अजून दुपार धरून बसलंय.
चाळिशीपारचा गट. एकीकडे वीज मंडळवाले,
दुसरीकडे इतवारीतले दोन सराफ, एक दंतवैद्य, हेडाऊ
आणि ऐन वेळी आणलेला कोणाचा तरी मेहुणा.
एक्केचाळीस–एक्केचाळीस.

पहिल्या जादा वेळेत दोघांचा एकेक गुण,
तोही फ्री थ्रोवर.
दुसऱ्या वेळेत काहीच नाही.
दोन मिनिटं चेंडू नुसता इकडून तिकडे नेला,
लग्नघरात सोफा नेतात तसा.

देवरावजी गेटपाशी किल्ल्या वाजवू लागले.
दहाला दिवे जातात.
वीज मंडळवाल्यांकडे पाहिलं तर म्हणाले,
"आमचा नाई, महापालिकेचा विषय हाय."

स्कोअरशीटवर पहिल्या जादा वेळेला रकाना आहे,
दुसऱ्यालाही आहे. तिसऱ्याचा विचार
छापणाऱ्याच्या मनात आला नसावा.
पट्टी नव्हती. नियमांच्याच कार्डाची कड लावून
एक चौकोन ओढला. तिरपा आला.

जंप बॉल. चेंडू गजभियेकडे.
सोमवारी तो सिरोंच्याला रुजू होणार,
सगळ्यांना माहीत आहे, कोणी काढलं नाही.
तो बोर्डाखाली उडाला, आणि हेडाऊनं
वीस वर्षं मारतो तसाच हात मारला त्याच्या मनगटावर.
आल्विनची शिट्टी. मी पाच बोटं दाखवली.

हेडाऊ माझ्याशेजारच्या खुर्चीत येऊन बसला.
वाद घालायला तोंड उघडलं, पाणी प्यायला.

पहिला फ्री थ्रो रिंगवरून बाहेर.
दुसऱ्याच्या आधी गजभिये बराच वेळ
चेंडू आपटत राहिला. सहा वेळा, सात.
माझ्या कानाजवळून हेडाऊ ओरडला,
"अबे, मनगट वाकव ना! कितींदा सांगू?"
सराफांनी वळून त्याच्याकडे पाहिलं.

वाकवलं. तिरप्या चौकोनात मी एक लिहिला,
सही केली, आल्विनची घेतली.

दिव्यांची अजून तीन मिनिटं शिल्लक होती.
कोणी बूट सोडले नाहीत.
मेहुण्यानं चेंडू आत फेकला, आणि हेडाऊ,
ज्याला आता आत यायची परवानगी नव्हती,
आत गेला. जाताच गजभियेच्या हातावर एक.
"फाउल!" गजभिये माझ्याकडे पाहून ओरडला, हसत.

पेनाला टोपण लावून झालं होतं.
त्या तीन मिनिटांत सहा मोजले मी,
लिहिला एकही नाही.