एकोणतीस रेघा

प्रश्नावली चार पानी, विधानं बावीस.
बरोबर. चूक. माहीत नाही.
एका विधानाला एकच खूण,
पेन्सिल आपणच द्यायची, आठवणीनं परत घ्यायची,
आणि उत्तर सुचेल असा चेहरा करायचा नाही.
हे शेवटचं, हाचिनोहेच्या प्रशिक्षणात,
तीनदा सांगितलं होतं.

नुकाझावासान, वय चौऱ्याहत्तर.
पाट्या रंगवायचे. आता हात हलतो, म्हणाले,
आणि माझे ओले मोजे बघून
रॉकेलचा स्टोव्ह पायानंच माझ्याकडे सरकवला.

पहिल्या विधानाच्याही आधी अडले.
"हा शब्द असा का छापलाय?
दोन सोप्या अक्षरांत, पोरं लिहितात तसा?"
सगळ्यांना वाचता यावा म्हणून.
"हं. वाचता यावा म्हणून."
मग मासळीबाजाराची जाहिरात पालथी घालून
खरं अक्षर काढायला बसले.
दोन झाडं. झाडांच्या मधे एक डबा.
त्यांच्या खाली झाकण,
झाकणाखाली जुन्या काळचं दारूचं भांडं,
कडेला तीन तिरक्या रेघा, गळून पडलेल्या केसांसारख्या.
तोंडातल्या तोंडात मोजत होते. एकोणतीस.
हात हलला नाही.

विधान तीन: मनानं कमकुवत माणसालाच हा आजार होतो.
चूक, म्हणाले, चटकन.
मला बरं वाटलं. ते चेहऱ्यावर दिसलं असेल
तर त्याची चौकट कुठे नाही.

विधान सात: सर्दीसारखा तो आपोआप बरा होतो.
"सर्दीत नाक गळतं. शेजारणीला दिसतं."
मग कुठे खूण करू?
"माहीत नाही, तिथे."

विधान चौदा: या आजारात पोट दुखू शकतं.
खूण झाली. माहीत नाही.
मी पान उलटलं.
किटलीचं झाकण थडथडत होतं, ते उठले नाहीत.

"सुमिएचं पोट दुखायचं.
तीन इस्पितळं झाली. दोनदा नळी घातली आत.
स्वच्छ आहे, म्हणाले, अगदी गुलाबी.
त्याच साली स्टेशनमागच्या दवाखान्याची पाटी मी केली.
डॉक्टर म्हणाला, आजाराचं नाव नको, कुणी पायरी चढणार नाही,
मन आणि पोट, एवढंच दिसू दे.
सोनेरी वर्ख लावला. तीन दिवस शिडीवर.
जेवणाचा डबा तीच आणायची.
खाली उभी राहून पाटी वाचायची,
अक्षर छान आलंय म्हणायची,
आणि रिकामा डबा घेऊन घरी जायची."

मग पेन्सिल उचलून:
"चौदा बदलू का?"

उलटलेल्या पानावर परत जायचं नाही, असा नियम आहे.
मी तो वाचून दाखवला, छापलाय तसा, आदरार्थी.
त्यांनी पेन्सिल दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवली,
पुढच्या खुणा मीच केल्या, ते सांगतील तशा.

रात्री ऑफिसात बेरीज केली. बावीसपैकी बारा.
कुदारासान म्हणाल्या, त्या वयाला वाईट नाही.
चौदाव्या रकान्यात नऊ भरला,
माहीत नाहीचा आकडा नऊ आहे.

बाविसावं राहिलं सांगायचं.
मदत कुठे मिळते, हे मला ठाऊक आहे.
"बरोबर," म्हणाले. "स्टेशनमागे.
पाटी अजून आहे.
वर्ख टिकलाय."